बोराएवढे शिरस्त्राण

मी एक जुने शिरस्त्राण आहे. हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे लोखंड, घोडे आणि रणांगण उभे राहिले असेल, तर ते पुसून टाका. मी प्लॅस्टिकचे आहे, शेवाळी हिरव्या रंगाचे, आणि आकाराने एखाद्या टपोऱ्या बोराएवढे. मला दोन आखूड शिंगे आहेत आणि समोर डोळ्यांसाठी दोन चिरा. वाल्डाक नावाच्या वीतभर उंचीच्या खेळण्यातल्या योद्ध्यासाठी मला घडवले. तो दलदलीचा राखणदार. त्याच्याबरोबर एक ढाल, एक कुऱ्हाड आणि मी, एवढा सरंजाम मिळत असे.

मित्रांनो, शूर योद्ध्याच्या डोक्यावर बसणाऱ्याला कशाची भीती, असे तुम्हाला वाटेल. पण खरे सांगते, माझा सगळा जन्म भीतीत गेला.

तैवानमधल्या एका कारखान्यात तापलेला प्लॅस्टिकचा रस पोलादी साच्यात शिरला, गार झाला आणि मी आकाराला आले. एकाच काडीला आम्ही बरेच जण द्राक्षांसारखे लटकलो होतो. एका बाईने आम्हाला चिमट्याने पटापट तोडले. तेव्हा तिच्या हातून माझ्या शेजारची कुऱ्हाड खाली पडली आणि केराबरोबर झाडली गेली. तिला कोणी शोधले नाही. लहान वस्तू हरवली तर जगाचे काहीच अडत नाही, हे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून ती भीती कायमची.

समुद्र ओलांडून मी ओहायोतल्या एका गावात आले. कर्ट ब्रँडवी नावाच्या मुलाला नाताळच्या सकाळी वाल्डाक मिळाला. कर्टने वेष्टण फाडले तेव्हा त्याची आई कॉफीचा कप घेऊन मागे उभी होती.

"हे बारके बारके तुकडे ना, उद्या माझ्या व्हॅक्यूमच्या पोटात सापडतील बघ," ती म्हणाली.

"नाही हरवणार, मॉम. मी काय लहान आहे का?"

"छे छे, तू तर घोडा झालायस. म्हणून तर बुटांची नाडी मी बांधते."

कर्टने मला जीव लावला. मी त्याच्या खिशात राहिले, वाळूत लढले, अंघोळीच्या टबात बुडाले. लढाईत वाल्डाक पडला की कर्ट मला हळूच काढून त्याच्या छातीवर ठेवी. इतर मुलांना हा फार मोठा मान वाटे. मला मात्र डोक्यावरून निघतानाचा तो बारीक 'टक' आवाज ऐकला की धडकी भरे. डोक्यावर आहे तोवर मी कोणीतरी आहे. डोक्यावरून उतरले की मी नुसता एक तुकडा.

आणि जे व्हायचे ते झालेच. हिवाळ्यात त्या घरात जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा येत असे. कर्ट तिथे पालथा पडून खेळत होता. मी निसटले, जाळीच्या फटीवर क्षणभर अडले, आणि आत गेले. कर्टने तारेच्या हँगरला च्युइंगम चिकटवून मला काढायचा खूप प्रयत्न केला. ते च्युइंगम माझ्या अगदी शिंगापर्यंत आले आणि परत गेले. मग त्याच्या आईने त्याला जेवायला हाक मारली.

पत्र्याच्या त्या नळीत मी किती वर्षे होते ते मला ठाऊक नाही. घर तापवणारी भट्टी पेटली की दूरवरून हुंकार येई, पत्रा थरथरू लागे आणि गरम वारा अंगावर धावून येई. मी वितळून जाईन असे दर हिवाळ्यात वाटे. माझ्यासोबत एक बटण होते आणि एक मेलेली गांधीलमाशी. वर पावले वाजत. आधी धावती, मग जड, मग फक्त म्हाताऱ्या बाईची, काठीसह. मग तीही थांबली. त्या शांततेत मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

घर विकायला काढले तेव्हा नळ्या साफ करणारी माणसे आली. त्यांनी मूठभर कचरा वर्तमानपत्रावर ओतला. त्यावर एक चष्मा वाकला. केस पिकलेले, पोट सुटलेले, पण बोटे तीच. मी ओळखले.

"मार्ला," तो बायकोला म्हणाला, "मार्ला, इकडे ये." आणि चष्मा काढून डोळे पुसू लागला.

मार्ला शाळेची बस चालवत असे. कोणत्याही गोष्टीने पटकन हलणारी ती बाई नव्हती. तिने मला तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि म्हणाली, "यासाठी एवढा रडतोयस? आपल्या लग्नात तर कोरडा ठणठणीत होतास."

कर्ट आता संग्राहक झाला होता. त्याच्या तळघरात भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर त्याच्या लहानपणचे सगळे योद्धे, राक्षस, पंखवाले घोडे ओळीने उभे होते. एकेक खेळणे कॅमेऱ्यापुढे धरून तो त्याचे परीक्षण करी, आणि देशोदेशीचे त्याच्यासारखेच पिकल्या केसांचे लोक ते पाहत. वाल्डाक मात्र इतकी वर्षे बोडका उभा होता. ढाली, कुऱ्हाडी मिळत. शिरस्त्राण कोणाकडेच उरले नव्हते, कारण ते सगळ्यांच्याच घरी हरवले होते.

माझे परीक्षण त्याने जीव ओतून केले. भिंगाखाली धरून म्हणाला, "डावं शिंग जरासं घासलंय. आतला कारखान्याचा शिक्का शाबूत आहे. रंग बघा, जसाच्या तसा. आणि आता ऐका." त्याने मला वाल्डाकच्या डोक्यावर बसवले. टक. "हा आवाज ऐकायला मी म्हातारा झालो मंडळी."

लोकांनी वाहवा केली. मला काचेची झाकणाची डबी मिळाली. माझी भीती जरा निवली. संपली, असेच मला वाटले होते.

त्या शरदात पाऊस फार झाला आणि तळघरात पाणी झिरपले. म्हणून एका रविवारी कर्टने आपला पसारा वर जेवणाच्या टेबलावर मांडला. कॅमेरा, दिवा, वाल्डाक, आणि डबीतून काढलेले मी. ओव्हनमध्ये मांस आणि बटाटे भाजत होते.

"तुझं बाहुल्यांचं प्रवचन आटपलं का?" मार्ला स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या टेबलावर आज माणसं जेवणार आहेत."

"बाहुल्या नाहीत गं त्या."

"बरं, सरदार आहेत. सरदारांना म्हणावं उठा. ब्रिन येईल एवढ्यात."

ब्रिन म्हणजे त्यांची मुलगी. ती ठरल्या वेळेआधीच आली. कडेवर हेझल होती, नुकती रांगायला लागलेली. कर्टची धांदल उडाली. त्याने हाताने सगळे एका खोक्यात लोटले. मी त्याच्या कोपराला आपटले, खुर्चीच्या पायावरून उडाले आणि गालिच्यावर पडले. गालिचा हिरवा, मी हिरवे. कर्टने खोक्यात वरवर पाहिले, झाकण लावले आणि नातीकडे धावला.

थोड्या वेळाने ब्रिनने हेझलला खाली सोडले आणि कोट काढायला वळली.

मित्रांनो, जमिनीवरून जग कसे दिसते ते मला पुरते माहीत आहे. टेबलाचे पाय, खुर्च्यांचे पाय, आणि त्यांच्यामधून येणारे दोन गुबगुबीत पंजे. हेझल थांबली. तिने मला पाहिले. मोठ्यांना न दिसलेले मी तिला लगेच दिसले. आयुष्यभर मी एकच मागणे मागत आले होते, की कोणाला तरी मी सापडू दे. त्या दिवशी पहिल्यांदाच उलटे मागितले. नको. मी सापडायला नको.

तिने मला चिमटीत धरले, न्याहाळले आणि तोंडात घातले.

आत उबदार, ओला अंधार होता. तिचे दोन नवे दात माझ्या शिंगावर वाजले. मग तिला हसू आले असावे, कारण हवेचा एक झोत आत आला आणि मी घसरले. मागे, खाली, आणि अडकले. माझी शिंगे कशात तरी रुतली. भोवतालचे सगळे माझ्यावर आवळले गेले.

बाळ रडेल, खोकेल, कोणीतरी ऐकेल, असे मला वाटले. काहीच ऐकू आले नाही. गुदमरणारे मूल आवाज करत नाही. त्याला आवाजापुरतीही हवा उरत नाही. माझ्या डोळ्यांच्या दोन चिरांतून मात्र एक बारीकसा वारा जात होता, आत आणि बाहेर, केसाएवढा. तिचा श्वास माझ्यातून जात होता. मला हलता येत नव्हते, ओरडता येत नव्हते, आकसता येत नव्हते. तो वारा मंद होत होता, एवढेच कळत होते. पत्र्याच्या नळीतली सगळी वर्षे एकत्र केली तरी त्या भीतीपुढे काहीच नव्हती. तेव्हा मी हरवेन अशी भीती होती. आता ती हरवणार होती.

बाहेरून बोलणी पुसट येत होती. कर्ट बटाट्यांवर मीठ कमी आहे का विचारत होता.

मग मार्लाचा आवाज आला. "हेझल एवढी गप्प का आहे?"

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. ब्रिन काहीतरी बोलू लागली आणि मध्येच तिचा आवाज फाटला. "मॉम, तिचे ओठ निळे पडलेत."

"इकडे दे. कर्ट, अँब्युलन्सला फोन कर. नुसता बघत उभा राहू नकोस."

जग उलटे झाले. मार्लाने हेझलला आपल्या हातावर पालथे घेतले होते, डोके खाली. पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहाताचा ठोका बसला. मी हलले नाही. दुसरा बसला. एक शिंग सुटले. पण चिरांतला वारा थांबला होता. मार्ला मोजत नव्हती, रडत नव्हती, नुसती म्हणत होती, "चल बाळा. चल. दे ते आजीला."

आणखी एक ठोका. मी सुटले, जिभेवरून घरंगळले आणि गालिच्यावर पडले. क्षणभर खोलीत कोणाचाच श्वास नव्हता. मग हेझलने टाहो फोडला. तेवढा सुंदर आवाज मी कधी ऐकलेला नाही.

डॉक्टरांनी तपासून हेझल ठीक असल्याचे सांगितले. ते मला पुढे बोलण्यातून कळले, कारण मी तिथेच टेबलाखाली पडून होते. कर्ट दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याने मला कागदी रुमालात उचलले.

दुसऱ्या दिवशी ब्रिन आली. एकटीच. कोट न काढता दारातच उभी राहिली.

"डॅड, मी भांडायला आले नाहीये," ती म्हणाली. "पण हेझल आता इथे जमिनीवर बसणार नाही. माझ्या कडेवर बसेल, नाहीतर येणारच नाही."

"बरोबर आहे तुझं."

"एवढंच बोलणार?"

"दुसरं काय बोलू, ब्रिन? माझ्या डोळ्यांपुढून ते ओठ जात नाहीयेत."

ती गेली. कर्टने कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले आणि मला वर धरले. खाली कॉफीचा चोथा आणि बटाट्यांची साले दिसत होती. मी काही मागितले नाही.

"फेकून काय होणार?" मार्ला मागून म्हणाली. "एक फेकशील. खाली असले ढीगभर आहेत."

"मग काय करू?"

"लोकांना सांग. तुझं ऐकतात ते. माझं कोण ऐकतंय, मी बसच्या आरशात बघूनच ओरडते."

कर्टने तळघराच्या दाराला उंचावर कडी बसवली. सगळे सुटे तुकडे कुलपाच्या कपाटात ठेवले. मग तो कॅमेऱ्यापुढे बसला. त्याने स्वयंपाकघरातल्या कागदाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी उभी धरली आणि मला वरून आत सोडले. मी सरळ खाली पडले. "ही नळी बाळाच्या तोंडासारखी समजा," तो म्हणाला. "यातून जे गेलं ते बाळाच्या हाती लागता कामा नये." झाला प्रकार त्याने काही न लपवता सांगितला. मग त्याने गोंदाची नळी उघडली.

संग्राहकांच्या जगात जुन्या खेळण्याला गोंद लावणे म्हणजे त्याचे मोल मातीत घालणे. कर्टने वाल्डाकच्या डोक्यावर गोंद लावला, मला बसवले आणि अंगठ्याने दाबून धरले. या वेळी टक असा आवाज आला नाही.

लोकांनी त्याला वेड्यात काढले. एवढी दुर्मीळ वस्तू बाद केली म्हणून काहींनी त्याला कायमचा रामराम ठोकला. पण एका बाईने लिहिले, "आज नातू यायच्या आधी सोफ्याखाली पाहिलं. तलवार सापडली."

बर्फ वितळल्यावर ब्रिन हेझलला घेऊन आली. हेझलला मार्लाने कडेवर घेतले. कर्टने वाल्डाक ब्रिनच्या हातात दिला. तिने मला शिंगांना धरून ओढले. पिळले. नखाने उचकटून पाहिले. मी निघाले नाही. तिने वाल्डाक सगळ्यात वरच्या फळीवर, स्वतः खुर्चीवर चढून ठेवला. मग गुडघ्यांवर बसून तिने गालिचा हाताने चाचपला, टेबलाखाली, खुर्च्यांखाली, कोपऱ्यापर्यंत. कर्टही तिच्या शेजारी ओणवा झाला. त्यानंतरच हेझल मार्लाच्या कडेवरून खाली उतरली.

मित्रांनो, आता मी हरवणार नाही. तरी माझी भीती गेलेली नाही. तुमच्या घरातही कुठेतरी एखादी चिमुकली ढाल, एखादा मणी, एखादे चाक निपचित पडले असेल. त्याला ओरडता येत नाही. म्हणून घरी रांगते मूल येणार असेल, तर एकदा तुम्हीच गुडघ्यांवर बसा, मान खाली घाला आणि पाहा. आमच्यासारख्यांना तुम्ही शोधून काढा, बाळाच्या आधी.