जिचं रक्त, तिलाच

मी लाँड्रीबाई बोलतेय. कपडे धुणारी नव्हे हं. मी रक्त धुते.

दचकू नका. ऑपरेशन चालू असताना जे रक्त सांडतं, ते नळीतून माझ्याकडे येतं. गोठू नये म्हणून वाटेतच त्यात औषध मिसळतं. मी ते गाळते, माझ्या वाटीत गरगरा फिरवते, सलाइनने धुते आणि उरलेल्या लाल पेशी पिशवीत भरून ज्याच्या त्याला परत करते. एकाचं दुसऱ्याला कधीच नाही. वाटी आणि नळ्यासुद्धा दर पेशंटला नव्या कोऱ्या! माझं खरं नाव लांबलचक आहे, ते कारखान्यालाच ठाऊक.

लाँड्रीबाई हे नाव मोठ्या सिस्टरांनी ठेवलं. ऑपरेशन थिएटरात त्यांचाच शब्द चालतो, म्हणून ते चिकटलं. मग एकदा नव्याने आलेल्या सफाईच्या मामांना कुणीतरी म्हणालं, "हे लाँड्रीकडे द्या." मामांनी मळक्या चादरींचं गाठोडं आणून थेट माझ्या डोक्यावर ठेवलं. वर विचारतात कसे, "संध्याकाळपर्यंत होतील ना?" सगळे पोट धरून हसले. मी मात्र खट्टू झाले, कारण तेव्हा मला दुसरं काही कामही उरलं नव्हतं.

त्याला कारण आमचे सर्जन. हात सोन्याचा, डोकं गरम. मला वापरायचं तर टेबलावर दोन नळ्या लागतात. एक माझी, फक्त रक्तासाठी. दुसरी कचऱ्याची, जखम धुतलेल्या आयोडीनच्या पाण्यासाठी. आयोडीन माझ्यात आलं की पेशी फुटतात आणि गोळा केलेलं सगळं रक्त फेकून द्यावं लागतं. सरांना सवय एकाच नळीची. दोनदा त्यांनी माझ्यात आयोडीन ओढलं आणि दोन्ही वेळा नावं मलाच ठेवली. झालं, माझी रवानगी स्टोअररूममध्ये, मोडक्या स्टुलांशेजारी.

अशात आली बेबी. वय वर्षं बावन्न, धंदा घड्याळदुरुस्तीचा. पण घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून अजून बेबीच. तिच्या खुब्यात पूर्वी बसवलेला सांधा ढिला झाला होता, तो बदलायचा होता. या कामात रक्त फार जातं. आणि तिचा रक्तगट इतका दुर्मिळ की रक्तपेढीने हात टेकले. जुळणारा माणूस मिळाला तो एकच, तिचा सख्खा भाऊ. त्याने एक पिशवी दिली.

"आणखी एक काढा," तो सरांच्या मागेच लागला. "मी चांगला धडधाकट आहे."

"अहो दादा, इतक्यात नाही काढता येत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माणूस आहात तुम्ही, नळ नाही."

"एका पिशवीच्या जिवावर मी हात घालणार नाही," सरांनी स्पष्टच सांगितलं. "पेशंट टेबलावरच जाईल."

"मग बेबीने काय जन्मभर अंथरुणात पडून राहायचं?" दादांचा आवाज चिरकला.

सिस्टर म्हणाल्या, "सर, लाँड्रीबाईला बाहेर काढू?"

"परत त्या दोन नळ्या?"

"हातही दोनच आहेत की तुम्हाला."

"काढा बाहेर," सर म्हणाले. मला झाडूनपुसून, तपासून टेबलाशेजारी उभं केलं. सिस्टर स्वतः माझ्यापाशी बसल्या.

रक्त खरंच फार गेलं. टिपायच्या कापडी घड्या एरवी सरळ बादलीत जातात; त्या दिवशी त्याही सलाइनमध्ये हलक्या हाताने पिळल्या, तेवढंच चार घोट जास्त. पहिली वाटी धुऊन झाली, दुसरी झाली. तिसरीची तयारी चालू होती आणि सर सांध्यात पार गुंतले होते. सवयीने म्हणाले, "आयोडीन." ते जखमेत ओतलंही. आणि सरांच्या हातात नळी माझी!

माझ्या टाकीत त्या वेळी बेबीचं अर्धा लीटर रक्त होतं, न धुतलेलं. माझं धाबंच दणाणलं. मला काही ओरडता येत नाही. सिस्टरांना येतं. त्यांनी माझ्या तोंडाशी नळी मुठीत दुमडून घट्ट दाबली आणि कडाडल्या, "सर, लाँड्रीची नळी!"

थेंबभरही आत आलं नाही. सरांनी हातातल्या नळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकलो." इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. माझी नळी बदलली आणि काम पुढे सुरू झालं.

आता मी थिएटरातच राहते. सर हल्ली स्वतःच विचारतात, "बाई तयार आहेत का?" तुमच्यावर अशी वेळ न येवो. पण आलीच, तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना एवढं विचारा, "माझं रक्त मला परत मिळेल का?" दर वेळी जमतंच असं नाही, पण विचारायला काय जातं? विचारलंत तर माझ्यासारख्या कितीतरी जणी स्टोअररूममधून बाहेर येतील.

निघण्याआधी एक सांगते. बेबी शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या खाटेशेजारीच होते, शेवटची पिशवी चालू होती. दादा आत आले.

"दादा, तुझं रक्त चढवलं का रे मला?"

"नाही चढवलं," सिस्टर म्हणाल्या. "तुमचंच तुम्हाला दिलं. त्यांची पिशवी फ्रीजमध्ये आहे तशीच आहे."

"बरं झालं बाई," बेबी क्षीण आवाजात म्हणाली. "नाहीतर जन्मभर ऐकवलं असतं यानं."

दादा हसायला गेले आणि रडायलाच लागले.

"ऐकवलं असतं," ते म्हणाले. "रोज ऐकवलं असतं. पण ऐकायला तू तर हवीस ना, बेबी."