एकतिसाव्या मजल्यावरचा खांब

आमच्या टॉवरला सगळे 'कपाट' म्हणतात. पन्नास मजले काचेचे आणि डोक्यावर जुन्या लाकडी कपाटाला असते तशी नक्षीदार कमान. अंगभर गुलाबी दगडाचे खांब, पण एकही काही पेलत नाही. सगळे शोभेला चिकटवलेले. आत बसून कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांना हे ठाऊकही नसेल. मला आहे, कारण बावीस वर्षं मी ते दगड ठोकून बघतोय.

दोरांवरच्या पाळण्यात उभं राहायचं, लाकडी हातोडीने एकेक दगड ठोकायचा आणि कान द्यायचा. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. मी 'ठीक' किंवा 'पोकळ' म्हणायचं, जोडीदाराने कच्च्या वहीत लिहायचं आणि खाली आल्यावर पक्क्या वहीत उतरवायचं. जोडीदार म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बोलणं बेताचंच, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. नोकरी मीच लावून दिली, आणि ते त्याला कधी विसरू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला, उजवाही कुरकुरतो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. हाताला धक्का जाणवतो, तेवढ्यावर भागेल, अशी स्वतःची समजूत घातली.

गेल्या महिन्यात एकतिसाव्या मजल्यावरच्या खांबाचा तुकडा निखळला आणि खाली दरवानाच्या खांद्याचं हाड मोडलं. पक्क्या वहीत त्या दगडापुढे 'ठीक' होतं. मॅनेजर मॅडमनी विचारलं आणि मी बोलून मोकळा झालो.

"मी पोकळच सांगितलं होतं. लिहिताना चुकलं असेल."

घुम्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "असेल," म्हणाला.

त्याचा उंचीवर काम करायचा परवाना अडकवून ठेवला. आज दुपारी तो कायमचा रद्द होणार होता. तीन आठवडे मेहुणी फोनवर रडतेय आणि मी तिला धीर देतोय. माणसाने निर्लज्ज तरी किती असावं!

सकाळी त्याचं लॉकर रिकामं करायला मलाच पाठवलं. हातमोजे, डबा, कच्ची वही. वही सहज चाळली. माझ्या प्रत्येक 'ठीक'पुढे पेन्सिलीचा ठिपका. अकरा ठिकाणी 'ठीक' खोडून 'पोकळ' लिहिलेलं. मी पुढच्या दगडाकडे वळलो की घुम्या मागचा दगड पुन्हा ठोकायचा, ते आठवलं आणि मी तिथेच बाकावर बसलो. त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

एकतिसाव्या मजल्याच्या पानावर मात्र ठिपके नव्हते, नुसतंच माझं 'ठीक'. त्या दिवशी मीच भडकलो होतो. "माझ्या मागे काय टकटक लावलीयस? मला शिकवतोस? ठेव ती हातोडी!" त्याने मुकाट्याने ठेवली होती.

दुपारी वही काखेत घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेलो. घुम्या समोरच बसला होता. वही बघून त्याचा चेहरा उतरला.

"दादा, राहू द्या ना," तो पुटपुटला. त्याचे ओठ दिसले म्हणून कळलं.

मॅडम माझ्या डावीकडे उभ्या राहून काहीतरी विचारत होत्या. अशा वेळी मी नुसती मान डोलावतो. आजही डोलावणारच होतो.

"मॅडम, जरा उजवीकडून बोला," मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "या डाव्या कानाने मला दोन वर्षं ऐकू येत नाही."