जिन्यावरची निळी तार

मी एक जुनी निळी तार आहे, मित्रांनो, इंटरनेटची. जुनवानीतल्या एका घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत पडले आहे. माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारा आहेत आणि त्यांतली एक तुटली आहे. ती कशी तुटली ते ऐका. आत्ता या खोलीतून कुणालातरी फोन लावला जातो आहे आणि पलीकडे तो कुणी उचलत नाही.

हे घर दौलतरावांचं. त्यांची सारी नोकरी पोलाद कारखान्यात गेली, म्हणून त्यांचा जीव लोखंडावर. गच्चीवरची खोली त्यांनीच बांधली: भिंती पत्र्याच्या, छत पत्र्याचं, दारही लोखंडी. त्यांच्या सुनेला, निशाला, एका खाजगी ॲम्ब्युलन्स सेवेचं घरून करायचं काम मिळालं, तेव्हा तीच खोली तिचं ऑफिस झाली. आजाऱ्यांच्या घरचे फोन तिच्या लॅपटॉपवर येतात. ती पत्ता विचारते आणि जवळची गाडी धाडते.

इंटरनेटची पेटी खालच्या बैठकीत होती. पत्र्यातून वाय-फाय धड जात नाही, म्हणून कारागिराने मला जिन्यावरून वर ओढलं. भिंतीला खिळे मारून मला कडेला बसवू, असं सगळेच म्हणत राहिले. मारले कुणीच नाहीत. तरी मी एकही शब्द सांडू दिला नाही. "वायर हाय म्हणून माही नोकरी हाय," असं निशा म्हणायची, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एके दिवशी सासूबाई ठकूबाईंचा पाय माझ्यात अडकला. त्या पडता पडता वाचल्या. दौलतराव पेटलेच. कारखान्यात पायात तार दिसली की आधी ती उचलायची, बोलायचं मागून. ती सवय त्यांच्या हाडात मुरलेली.

"बाबा, राहू द्या नं. टिनाच्या खोलीत वाय-फायचा भरोसा नाही," निशा म्हणाली.

"कावून नाही? पूरा मोहल्ला बिना वायरचा चालून राहिला. लावून पाय एकडाव!"

निशाने लावून पाहिलं. सकाळची वेळ, दार सताड उघडं. वाय-फाय झकास चाललं. दौलतराव हसले. त्यांनी मला पंजा आणि कोपराभोवती गुंडाळलं, क्रेनचा दोर गुंडाळावा तसं, आणि मधोमध करकचून गाठ मारली. आत काहीतरी कट्‌कन तुटलं. बाहेरून मी धड दिसत होते, म्हणून फेकली न जाता खोलीतल्या खुंटीवर लटकले. मला भीती वाटत होती. पण तारेचं कोण ऐकतं?

आज दुपारी गरम वारा सुटला. कूलरची हवा टिकावी म्हणून निशाने दार लावलं. थोड्याच वेळात फोन आला. एक म्हातारा धापा टाकत बोलत होता.

"बाई, लवकर गाडी पाठवा. माही घरवाली उठून नाही राहिली. आमी कुरुदले... तलावाच्या..."

पुढचे शब्द आलेच नाहीत.

"बाबूजी, तलावाच्या कोन्या बाजूले? हॅलो!" निशा ओरडली. तिने धावत जाऊन दार उघडलं. नेट परतलं, माणूस परतला नाही. तिने त्याच नंबरवर परत फोन लावला. रिंग जात राहिली.

आवाज ऐकून दौलतराव वर आले. निशाचा चेहरा पाहून त्यांनी खुंटीवरून मला काढलं, गाठ सोडली, एक टोक खाली पेटीत खोचलं, दुसरं लॅपटॉपला. त्यांना वाटलं, मी तो आवाज परत आणेन. जोडणीचा दिवा लागला नाही. त्यांनी मला काढून पुन्हा खोचलं. पुन्हा. "लाग नं वं, माय," ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तार वाटेत येत असेल तर भिंतीच्या कडेने बसवा. काढायचीच असेल तर सैल वेटोळं करा. आणि तिच्यावर कुणाचा आवाज चालतो, ते आधी विचारा.

निशाने गाडी कुरुदच्या तलावापर्यंत धाडली आहे. ड्रायव्हर विचारतो आहे, "मॅडम, किधर मोडूं?" निशा पुन्हा तो नंबर लावते आहे. रिंग जाते आहे.