हिरोचा आवाज

सिनेमा भिकार आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो. साफ खोटं. सिनेमा जबरदस्त होता, फक्त कुणी बघितलेला नव्हता. त्याच्या स्वतःच्या देशातसुद्धा तो आठवडाभर टिकला नाही म्हणे. मग एका चॅनलने स्वस्तातल्या गठ्ठ्याबरोबर उचलला आणि तो आमच्या डबिंग स्टुडिओत येऊन पडला. गोष्ट एका जोडप्याची. दोघं जेमतेम विशीतली, देखणी आणि पक्की खुनशी. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याला मारतात, त्याचीच गाडी पळवतात आणि पुढे वाटेत जो कुणी दार उघडेल त्याचा निकाल लावत जातात. एकमेकांवर मात्र असा जीव, की बघणाऱ्याला वाटावं, खून राहू देत बाजूला, आपल्यावर कुणी असं प्रेम केलंय का कधी?

मुलीचा आवाज माझी बायको देणार होती. त्यात वादच नव्हता. भाषांतर माझं, डबिंगचं दिग्दर्शन माझं, तेव्हा हिरोचा आवाजही माझाच, हे मी धरून चाललो होतो. लग्नाआधी आम्ही दोघांनी अशा कितीतरी जोड्या केल्या होत्या, लग्न जमलंच मुळी एका माईकसमोर. पण मालक म्हणाले, "अरे, तुझ्या आवाजाला आता पोट सुटलंय. तू बाप कर, इन्स्पेक्टर कर." आणि हिरोसाठी त्यांनी बोलावलं रेशीमला.

रेशीम हे त्याचं टोपणनाव. का, तर आवाज रेशमासारखा! मला विचाराल तर आवाज बरा होता, एवढंच. पोरगा नम्र, वेळेवर येणारा, माझ्या बायकोला ताई म्हणणारा. म्हणजे नाव ठेवायलाही जागा नाही. अशा माणसांचा मला फार संताप येतो.

पहिल्या दिवशी दोघांना एकाच माईकवर उभं केलं. सीन होता पहिल्या खुनानंतरचा. गाडी कडेला उभी आहे, मुलाच्या हाताला काच लागलीय आणि ती विचारते, "खूप दुखतंय?" एवढे दोनच शब्द. माझी बायको पडद्याकडे बघत ते बोलली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो आवाज मी ओळखत होतो. पूर्वी, लग्नाच्या सुरुवातीला, मला ताप आला की ती ज्या आवाजात बोलायची, तोच. किती वर्षांत ऐकला नव्हता! मला वाटलं होतं, वयाबरोबर गेला असेल. कसला गेलाय? चांगला शाबूत होता, त्या पोरासाठी बाहेर आला.

पहिल्याच टेकला ओके. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेअलीकडे माझ्या शेजारी बसलेला रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दादा, काटा आला अंगावर."

"एकमेकांचे आवाज मिसळताहेत," मी म्हणालो. "उद्यापासून दोघांचं वेगवेगळं घेऊ."

काही मिसळत नव्हतं. रेकॉर्डिस्टला ते माझ्याहून जास्त कळत होतं, पण तो शहाणा आहे, बटणांकडे बघत बसला. मी नुसतं वेगळं करून थांबलो नाही. रेशीमचं आधी घेतलं असतं तर त्याचा आवाज हिच्या कानात वाजला असता, म्हणून हिचं आधी लावलं. आता हेडफोनमध्ये फक्त मूळ परदेशी आवाज. त्याला काय हरकत असणार?

दुसऱ्या दिवशी ती माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही भाषा मला कळत नाही. समोरून कुणीतरी वाक्यं द्या."

"मी देतो," मी म्हणालो. याचीच तर वाट बघत होतो. मी काचेच्या अलीकडून बटण दाबून हिरोची वाक्यं बोलणार आणि पलीकडे तिच्या कानात माझा आवाज जाणार. मला दुसरं काही नको होतं हो. तो कालचा आवाज तिने एकदा माझ्यासाठी काढावा, की झालं. मग तो पोरगा काय करायचं ते करू दे.

नाही आला. प्रेमाचं एकेक वाक्य आम्ही घोटत बसलो. ओठ जुळायचे, शब्द जुळायचे आणि ऐकायला असं वाटायचं, की ही बाई बँकेत चौकशी करतेय.

"कोरडं येतंय," रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला.

मी बटण दाबलं. "अगं, जीव ओत जरा! 'तू नसतास तर' नंतर थांब. आणि 'मी' वर जोर दे."

तिने जोर दिला. आणखी वाईट झालं.

"काल कसं छान येत होतं?" मी ओरडलोच. "काल काय होतं, जे आज नाही?"

तिने हेडफोन गळ्यात उतरवले, पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण नीट लावलं. "काल समोरचा माझं वाक्य संपेपर्यंत थांबत होता," ती म्हणाली. "तू मध्येच सुरू होतोस. इथेही आणि घरीही."

"मी दिग्दर्शक आहे. चुकलं तर सांगणार नाही?"

"सांग ना. मी कुठे नाही म्हणतेय?" आणि तिने हेडफोन परत कानाला लावले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. म्हटलं, मरू दे ते प्रेम, शेवटचा सीन काढा. लॉजची खोली. मुलगा आता मुलीवरच संशय घ्यायला लागलाय, तिची बॅग उचकतो, ती कुणाकडे बघते याचा हिशेब मागतो. ती पलंगावर पिस्तूल घेऊन बसलेली. तो म्हणतो, "एकदा माझ्याकडे बघ." ती बघत नाही. बोलते आणि गोळी झाडते.

रेकॉर्डिस्टने इशारा केला. मी बटण दाबून म्हणालो, "एकदा माझ्याकडे बघ." आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. पोट नाही, वय नाही, नुसती याचना.

ती पडद्याकडेच बघत होती. ओठ जुळवायचे तर पडद्याकडेच बघावं लागतं.

"मी तुला घाबरत नाही," ती म्हणाली. "तुझा रागही येत नाही आता. तू बोलायला लागलास की मी, कधी संपतंय, याची वाट बघत बसते, बस."

वाक्यं मीच लिहिली होती. चांगली मेहनत घेऊन, ओठांना बसतील अशी. ती तिने अगदी सहज म्हटली, भाजी संपलीय हे सांगावं तशी. मी मध्ये बोललो नाही. पडद्यावर गोळी सुटली तरी माझं बोट बटणावरच होतं.

मागच्या दारातून मालक टाळ्या वाजवत आत आले. "बाई, कुठून काढलंस हे? कमाल! आणि तू रे? असा आवाज शिल्लक होता, तर लपवून कशाला ठेवलास? रेशीमला मी सांगतो काय ते. हिरो तूच कर."

पलीकडे माईक चालूच होता. "घे," ती म्हणाली. "मिळाला तुला हिरो." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, भांडणात मी कुणाला हार जात नाही. ती संवादांची पानं जुळवत होती, घरी निघताना जुळवते तशी.

"सेफ्टीसाठी अजून एक टेक घेऊ का, दादा?" रेकॉर्डिस्टने सवयीने विचारलं.

"घ्या की," काचेपलीकडून ती म्हणाली. "मला परत तसंच येईल."

मी नको म्हणालो.