सतरा कामं अडली तो दिवस

मी गोंदियाकडच्या गोरेगावच्या राखीचा मॉनिटर. टेबलावरचा दुसरा पडदा. पहिला मान लॅपटॉपचा; माझ्याकडे ती बघायची ते काही अडलं तरच. असो, नशीब एकेकाचं.

हैदराबादला तिच्या कंपनीचा मेनफ्रेम आहे, कपाटाएवढा थोरला संगणक. दवाखान्यांना पाठवायच्या औषधांच्या याद्या तो करतो. एका वेळी शेकडो कामं चालतात. दोन कामांना एकच फाइल लागली की पहिलं धरून बसतं, बाकीची ताटकळतात. कोणी धरलंय, कोण अडलंय, हे माझ्यावर दिसतं. ते बघून गुंता सोडवायचा, ही राखीची नोकरी. आई गेल्यापासून तिचे बाबा परसरामजी एकटे, म्हणून तिला घरून काम करायची मुभा होती. पण मागे एक गुंता उशिरा सुटला, तेव्हा तिच्या साहेब रीता मॅडमनी बजावलं होतं, "आणखी एकदा असं झालं तर ऑफिसला यावं लागेल."

जुलैतली गोष्ट. धानाची रोवणी जोरात होती. सकाळी राखीनं दुरुस्तीसाठी एक फाइल उघडली आणि लाइट गेली, त्याबरोबर नेटही. "आता काही लवकर येत नाही," म्हणत ती रोवणाऱ्या बायांची शिदोरी घेऊन शेतातल्या बांधीवर गेली. लाइट अर्ध्या तासात आली, पण फाइल तिच्याच नावावर अडकून राहिली. माझ्यावर ओळी वाढू लागल्या. एक, पाच, सतरा. घरात बघायला कोणी नाही. अरे देवा, तोंड असतं तर बोंबललो असतो!

दुपारी ती आली तर घरीच राहिलेल्या फोनवर ऑफिसचे चौदा मिस कॉल. माझ्याकडे न बघताच तिनं फोन लावून चंद्रकुमारला झापलं. हा तिच्यासोबत काम करणारा, गोंदियाचाच, पण तिकडे हैदराबादच्या ऑफिसात बसतो, फाइल उघडी टाकून चहाला जायची त्याची खोड.

"काऊन रे, पुन्हा तसंच करून राहिला का?"

"हो ना यार, सुबह मैंने भी खोली थी. माझीच चूक असेल. मॅडमला सांगून टाकतो."

मग तिची नजर माझ्यावर आली. फाइल धरणाऱ्याच्या जागी तिचंच नाव. तिनं ते अडकलेलं काम बंद केलं, तशा सतराही ओळी भराभर पुसल्या गेल्या.

खरं सांगू? मला वाटलं, आता गप्प बस ना बाई! त्यानं घेतलंय अंगावर, त्याचं काय बिघडतं, तो ऑफिसातच आहे. तू गेलीस तर मी काय करू?

परसरामजी चिखलाचे पाय धुऊन दारात टेकले होते. गावच्या तलावाच्या पाण्याची पाळी तेच लावतात. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"पाट ज्यानं अडवला, त्यानंच चार लोकायसमोर सांगाचं," ते म्हणाले.

"अन् मले हैदराबादले जा लागलं तर?"

"तर जाजो." एवढं बोलून ते उठले आणि धुतल्या पायांनी पुन्हा चिखलात निघून गेले.

तिनं सगळ्यांना मेल लिहिला. चूक माझी, चंद्रकुमारची नाही. पुढच्या सोमवारी ती लॅपटॉप घेऊन एसटीत बसली.

तीन महिने झाले. माझ्यावर धूळ बसली आहे. संध्याकाळी परसरामजी खोलीत येतात, तिच्या खुर्चीत बसतात आणि माझं बटण दाबतात. मी उजळतो. 'नो सिग्नल' एवढंच मला दाखवता येतं. ते थोडा वेळ बघतात आणि मला बंद करतात.

राखी, तू बरोबरच केलंस गं. दिवाळीला आलीस तर माझी धूळ पुसायची घाई करू नकोस. आधी बाबांजवळ बस.