रुमालाखालची बातमी

कारंज्याच्या कापूसबाजारात भाव तोंडाने सांगत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा, अशी जुनी रीत. सौद्यापुरती होती तोवर ठीक होतं. पण हबीबशेठच्या डोक्यात शिरलं, की आपल्या दुकानातली बातमी समोरच्या गुलाबसिंग व्यापाऱ्याला आपल्याआधी कळते. कळणारच! आवारात कापूस साफ करणाऱ्या सोजरबाईचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा.

शेठने फर्मान काढलं, "आजपासून दुकानात कोनी तोंड उघडाचं नाही. जे सांगाचं ते मले, रुमालाखाली."

मग काय! मुनीम जानराव चहासुद्धा रुमालाखाली मागू लागला आणि शेठ त्यातही घासाघीस करू लागला. पहिल्या दाबाला हो म्हणेल तो हबीबशेठ कसला?

एका दुपारी आवारातल्या कापसाच्या ढिगातून धूर निघाला. शेठचा अख्खा हंगाम त्या ढिगात होता. जानराव धापा टाकत आला. शेठने ओठांवर बोट ठेवून रुमाल पुढे केला. आता आगीला कोणतं बोट? बिचाऱ्याने पाचही दाबली. शेठने नाक मुरडून तीन दाबली. जानरावाने रडकुंडीला येऊन पुन्हा पाच दाबली. शेठ मोठ्या मनाने चारावर आला.

शेवटी सोजरबाईला राहवेना. "कापूस जळून राह्यला अन् तुमी भाव कायचा करून राह्यले, मुडद्यांनो!"

सगळ्या बाजाराने ऐकलं. पहिला धावला गुलाबसिंग, माणसं आणि पाण्याच्या घागरी घेऊन. हबीबशेठ हातातल्या रुमालानेच जाळ बडवत सुटला. कडेचा कापूस गेला, पण ढीग वाचला. शेठ मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

"किती गेला, शेठ?" गुलाबसिंगने मायेने विचारलं.

शेठने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं. वैऱ्याला नुकसान उघड कसं सांगायचं? त्याने दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

रुमालाला मधोमध भाकरीएवढं भोक पडलं होतं. शेठची दाबणारी बोटं साऱ्या बाजाराला दिसत होती.

"दोन गाड्या गेल्या!" सोजरबाईने आवारातून पुकारा केला.

शेठने भोकातून दिसणाऱ्या आपल्याच बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सोजरबाई," तो म्हणाला, "उद्यापासून तूच सांगत जाय."