तिसरी चिठ्ठी

कोशाच्या कार्यालयात सगळे त्यांना चिठ्ठीबाई म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती चालू होती. नियम कडक. एखाद्या शब्दाचा अर्थ छापायचा तर खऱ्या वापरातल्या तीन चिठ्ठ्या हव्यात. चिठ्ठीवर ते वाक्य, आणि कोण, कुणाला, कधी म्हणालं, सगळं नावानिशी. मुद्दाम वदवून घेतलेलं चालत नाही.

सध्या ‘सँक्शन’ बाईंच्या मानगुटीवर बसला होता. काय अजब शब्द! रजा सँक्शन झाली म्हणजे मिळाली, आणि एखाद्या देशावर सँक्शन लावलं म्हणजे त्याची नाकेबंदी. एकाच तोंडाने ‘जा’ही म्हणायचं आणि ‘खबरदार’ही! शब्द असा दोन्हीकडे गेलाच कसा, या विचाराने बाईंना झोप लागेना. मंजुरीच्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता. शिक्षेच्या मात्र दोनच, आणि सोमवारी पान छापायला जाणार. बाई दाताच्या दवाखान्यात, बसथांब्यावर, लिफ्टमध्ये कान टवकारून उभ्या राहिल्या. पण लोक मेले रजेबद्दलच बोलत होते!

शनिवारी दुपारी मुलगी घरी आली. ती हँडबॉलची पंच. बूटही न काढता स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली.

“आई, संघटनेचं पत्र आलंय. माझ्यावर वर्षभराची बंदी घातलीय.”

आणि बाईंच्या तोंडून काय निघावं?

“पत्रात शब्द कोणता आहे गं?”

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मुलीने पत्र उलगडून ओट्यावर ठेवलं. सँक्शन! ठसठशीत अक्षरात. वर तारीख, खाली मुलीचं पूर्ण नाव.

“घे, मिळाली तुला तिसरी,” मुलगी म्हणाली. “आठवडाभर सांगू की नको करत होते. तू हेच विचारणार, माहीत होतं मला.”

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

लाजेने बाईंचे कान तापले. दहावीला नापास होऊन पोर रडत आली होती, तेव्हाही आपण तिच्या रडण्यातला एक शब्द टिपून घेतला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. त्या दारापाशी गेल्या.

“अगं, उघड. काय झालं ते सांग.”

“पत्र वाच की.”

“मला पत्र नकोय. तू सांग.”

बऱ्याच वेळाने कडी निघाली. संघटनेच्या अध्यक्षांच्या भाच्याला तिने एका सामन्यात खेळातून बाहेर काढलं होतं, आणि सामन्याचा अहवाल बदलायला साफ नकार दिला होता. मुलगी संध्याकाळपर्यंत बोलत होती, मधूनच रडत होती, अध्यक्षांना शिव्या घालत होती. बाईंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

सोमवारी मुख्य संपादकांनी विचारलं, “काय चिठ्ठीबाई, मिळाली का तिसरी?”

बाईंनी भिंतीला लागून असलेल्या खणांकडे पाहिलं. तिथली चिठ्ठी कधी फाडली जात नाही. पन्नास वर्षांनीही कुणी खण उघडला तर शिक्षा या अर्थाखाली पोरीचं नाव सापडलं असतं.

“नाही मिळाली,” त्या म्हणाल्या.

संपादकांनी पानावरच्या शिक्षेच्या अर्थावर काट मारली. अर्धवट शब्द छापला जाणार म्हणून बाईंचा जीव तुटला. बावीस वर्षांत त्या टेबलापाशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या, आणि पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा बोलल्या असत्या.